आणखी पाच हजार

नोलाने टेबलावरच्या काचेच्या भांड्यातलं एक लिंबू उचललं, हुंगलं आणि तोंड वाकडं करून परत ठेवलं. लिलाव आटपेपर्यंत या लिंबांना हात लावायचा नाही, असं एजंटाने बजावून ठेवलं होतं. मागच्या अंगणात लिंबाचं झाड फळांनी वाकलेलं असताना घर विकायला दुकानातली लिंबं लागतात, हे तिला सत्तराव्या वर्षी नव्याने कळत होतं. सोफ्यावर भाड्याने आणलेल्या उशा होत्या. भिंतीवरचे दोघांचे फोटो पलंगाखाली सरकवले होते.

"इथे कोणी राहतं हे घेणाऱ्याला कळता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं," मर्विन आरशासमोरून म्हणाला.

तो दाढी करत होता. नोलाला नवल वाटलं. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं तेव्हा आठवड्याचे पाच दिवस दाढी केली, शनिवार-रविवारी गालांना सुट्टी, असा त्याचा नियम होता. निवृत्तीनंतरही त्याने तो मोडला नव्हता. आज शनिवार असून इस्त्रीचा सदराही काढून ठेवला होता. पण तिने काही विचारलं नाही. मर्विनला विचारलं की तो सविस्तर सांगतो.

मेलबर्नच्या या लाकडी घरात ते तेहतीस वर्षं भाड्याने राहत होते. मालक स्कार्पाची नावाचा म्हातारा होता. भाडं वाढवायचं म्हटलं की त्यालाच लाज वाटायची. तो मार्चमध्ये गेला आणि त्याच्या मुलीने घर विकायला काढलं. तिचंही चुकलं नव्हतं. इथल्या रीतीप्रमाणे लिलाव घराच्या दारातच, शनिवारी सकाळी. घेणारे चार आणि बघे चाळीस.

तिसऱ्याच वर्षी स्कार्पाची स्वतः टोमॅटोची टोपली घेऊन दारात आला होता. घर तुम्हीच घ्या म्हणाला, एक लाख चाळीस हजार डॉलरांत. नोलाने दुसऱ्या दिवशी पडद्यांचं कापड आणलं. मर्विनने जुन्या पाकिटाच्या पाठीवर गणित मांडलं. वर्षाचं भाडं एका बाजूला, किंमत दुसऱ्या बाजूला. "महाग आहे, नोला. दोन वर्षं थांबू. खाली येईल."

किंमत खाली आली नाही. मधे एक-दोनदा थांबली, जिना चढणारा माणूस दम खायला थांबतो तेवढीच. मर्विनचं गणित मात्र बदललं नाही. कोणाच्याही अंगणात मांस भाजायला बसले की तो सुरू व्हायचा. भाडं किमतीच्या तीन टक्केही नाही, बँकेतली ठेव त्याहून जास्त देते, या देशात घर ही गुंतवणूक नाही, श्रद्धा आहे. नोलाने वाद घातला नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पडद्यांचं कापड तिने चर्चच्या विक्रीत देऊन टाकलं आणि त्याबद्दल त्याला कधी बोलली नाही. बोलली नाही म्हणून विसरली असं मात्र नव्हतं.

आता दोन महिन्यांत घर सोडायचं होतं. याच भाड्यात जे मिळत होतं ते तासभर लांब होतं, दोन खोल्यांचं, झाड नसलेलं.

दहाच्या सुमारास समोरची अथिना थर्मास घेऊन व्हरांड्यात आली. पन्नास वर्षांपूर्वी ग्रीसहून आलेली ही बाई रस्त्यावरच्या प्रत्येक लिलावाला हजर असे.

"तुझा मास्तर कुठाय?" तिने विचारलं.

"तो काय, कुंपणाशी. आज एवढे सगळे मूर्ख एकाच जागी मिळालेत, सोडतोय होय."

"मीही त्यातलीच गं. दहा लाखांच्या घरात राहते आणि नळ गळतो म्हणून खाली बादली लावते."

लिलाव करणारा पोरगेलासा होता, निळ्या तंग सुटातला. त्याने नियम वाचले, मग घराचं कौतुक सुरू केलं. ट्राम फक्त दहा मिनिटांवर म्हणाला.

"धावलं तर," अथिना म्हणाली, आणि पुढची रांग हसली.

पहिली बोली एका तरुण जोडप्याची होती. बायकोने पोटाशी तान्हं मूल बांधलं होतं. चिखलाच्या बुटातला एक बिल्डर त्यांच्याविरुद्ध अकरा लाखांपर्यंत गेला, मग मान हलवून गाडीत जाऊन बसला. सुटातल्या पोराने हात पसरले. "अकरा लाख पाच हजार, या जोडप्याचे. कोणी आहे?"

"अकरा लाख दहा."

हा आवाज नोलाने हजारदा ऐकला होता. चष्मा कुठे ठेवलास, असं विचारणारा आवाज. मर्विनने हात सरळ वर केला होता, वर्गातली मुलं त्याच्यापुढे करायची तसा.

"अगं बाई," अथिना हळूच म्हणाली. "याला ऊन लागलं की काय?"

पंधरा. वीस. जोडप्यातला नवरा प्रत्येक बोलीआधी बायकोच्या कानाशी लागायचा. मर्विन कोणाशीच बोलत नव्हता. मधेच तो सुटातला पोरगा आत गेला, नोलाच्याच झोपायच्या खोलीत बसलेल्या स्कार्पाचीच्या मुलीला विचारून आला आणि म्हणाला, मंडळी, मालकिणीची किमान किंमत आली, आता घर नक्की विकलं जाणार, जो जास्त बोलेल त्याला.

साडेअकरा लाख. पावणेबारा लाख. बारा लाख, मर्विन.

बारा लाख हीच त्यांची सगळी पुंजी. पुढे उरणार होती सरकारी पेन्शन आणि या घराची दुरुस्ती. घर जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबांवर उभं होतं. गेल्या हिवाळ्यात मर्विन स्वतः टॉर्च घेऊन खाली सरपटत गेला होता आणि कुजलेले एकोणीस खांब मोजून आला होता. हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्याच्याइतकं या गर्दीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

"बारा लाख पाच हजार," तरुण नवरा म्हणाला. त्याचा आवाज फाटला.

मर्विनचा हात अर्धा वर गेला आणि थांबला. त्याने वळून व्हरांड्याकडे पाहिलं. सुटातल्या पोराची नजर तिकडे गेलीच. असे नवरे त्याने खूप पाहिले असावेत. तो चटकन पायऱ्यांपाशी आला आणि आवाज मऊ केला.

"मॅडम, सर तुमच्याकडे बघताहेत. आणखी पाच हजार, बस. पाच हजारांसाठी स्वतःचं घर सोडणार?"

सगळा रस्ता तिच्याकडे बघू लागला. मर्विनचे कान लाल झाले होते. दाढी करताना हनुवटीला लागलं होतं, तिथे रक्ताचा ठिपका सुकला होता. त्याच्या डोळ्यांत टक्के नव्हते, भाडं नव्हतं, काही म्हणजे काही गणित नव्हतं. तीस वर्षं आत सलणारं काहीतरी नोलाच्या मनातून निघून गेलं, आणि त्याच्याबद्दल निव्वळ प्रेम उरलं. ती पायऱ्या उतरली. हो म्हणायला एक शब्द पुरे होता.

तिने जाऊन त्याचा अर्धा वर गेलेला हात धरला आणि खाली घेतला.

"नाही," ती त्या पोराला म्हणाली. "या घराची एवढी किंमत नाही."

बघ्यांमध्ये हशा पिकला. पोरगाही कसनुसा हसला, तीनदा पुकारा केला आणि हातातली कागदाची गुंडाळी तळव्यावर आपटली. तरुण बायको मुलाच्या टाळूवर ओठ टेकवून रडू लागली. अथिना थर्मास घेऊन तिच्याकडे निघाली.

गर्दी पांगेपर्यंत दोघं कुंपणाशीच उभे राहिले. एजंटाचा माणूस आतून उशा आणि लिंबांचं भांडं घेऊन गेला.

"माफ कर," मर्विन म्हणाला. "तेव्हाच घ्यायला हवं होतं."

"तेव्हा महाग होतं."

"तेव्हा नव्हतं, नोला."

हा माणूस किटली घ्यायला निघाला तरी घरून आकडा ठरवून निघायचा आणि वर एक डॉलर गेला तर रिकाम्या हाताने परत यायचा. तिने त्याच्या हनुवटीवरचा ठिपका अंगठ्याने पुसला.

"आज कितीपर्यंत जायचं ठरवलं होतंस?"

मर्विनने घराकडे पाहिलं.

"आकडा ठरवला नव्हता," तो म्हणाला. "तू थांबवशील तिथपर्यंत."