अर्धा मीटर शाई

सकाळी अकराला भूमापन कचेरीतल्या नकाशांच्या खोलीच्या खिडकीत दोन डोकी एकदम घुसली, तेव्हाच आत कारकून असलेल्या तिला हसू फुटायला लागलं होतं. एक डोकं तिच्या बाबांचं. धंदा शिंप्याचा, गळ्यात टेप तसाच. दुसरं शेजारच्या घड्याळजीकाकांचं, कपाळावर भिंग तसंच. दोघांच्या हातात एकाच नकाशाचे अर्ज होते आणि दोघं अकरा वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते.

भांडण होतं मागच्या अंगणातल्या अर्ध्या मीटरचं. भांडू देत बापडे, असं ती म्हणालीही असती. पण घड्याळजीकाकांच्या मुलावर तिचा जीव जडला होता, त्याचा तिच्यावर, आणि दोन्ही घरांतून एकच उत्तर आलं होतं: आधी अर्धा मीटर, मग लग्न. दीड वर्ष झालं होतं हो! माणसानं कुंपणावरून चोरून तरी किती दिवस बोलायचं?

आपल्या घराचा नकाशा आपण कपाटातून काढायचा नाही, असा तिचा नेम. पण आज साहेबच म्हणाले, "काढा एकदाचा. नाहीतर हे दोघं इथेच मुक्काम ठोकतील."

तिने तो पिवळा पडलेला मोठा कागद टेबलावर पसरला आणि दोघांना आत बोलावलं.

"त्यांना सांग," बाबा छताकडे बघत म्हणाले, "रेघेच्या त्यांच्या बाजूच्या कडेपर्यंत सगळं माझं."

"त्यांनाच सांग," काका पंख्याकडे बघत म्हणाले, "रेघेच्या त्यांच्या बाजूच्या कडेपर्यंत सगळं माझं."

रेघेला दोन कडा? तिने काकांच्या कपाळावरचं भिंगच उतरवून घेतलं आणि वाकून पाहिलं. कागदावरच्या बाकी सगळ्या रेघा केसाएवढ्या बारीक, ही एकटीच सुतळी! तिने पट्टी लावली. एक मिलिमीटर. आणि या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर.

"बाबा, काका, तुमचा अर्धा मीटर सापडला," ती म्हणाली. "शाईत आहे."

आता ही रेघ एवढी माजली कशी? उत्तर समासात होतं, आधीच्या म्हाताऱ्या कारकुनाच्या थरथरत्या अक्षरात. ती मोठ्यानं वाचू लागली. "शिंपी यांनी बोट फिरवल्याने रेघ पुसट. पुन्हा आखली." खाली, "घड्याळजी यांनी बोट फिरवल्याने रेघ पुसट. पुन्हा आखली." मग परत शिंपी, परत घड्याळजी. अशा सतरा नोंदी! दर वेळी शाई आधीच्या रेघेच्या जरा बाजूला सांडत गेली होती. या सगळ्यांच्या वरच्या, तिने आधी सोडून दिलेल्या पहिल्या नोंदीत तर दोघं जोडीनं आले होते, दोस्तीत, नुसतं बघायला. सातव्या नोंदीला तिची मुरकुंडी वळली, बाराव्या नोंदीला साहेबांनी तोंडावर फाईल धरली.

डोळे पुसत तिने कपाटातून मूळ मोजणीची वही काढली. तिथे रेघच नव्हती, नुसते आकडे. बाबांच्या भिंतीपासून हद्दीच्या दगडापर्यंत सहा मीटर वीस, काकांच्या भिंतीपासून पाच मीटर नव्वद. आकड्यांना कुणी कितीही बोटं लावा, ते जाड होत नाहीत. आणि तो दगड कुठे होता? कुंपणाच्या बरोबर मधोमध, जिथे ती आणि तो रोज उभे राहत, अगदी तिथेच.

तिचं हसू कुठल्या कुठे पळालं. बाबा खाकरले, नकाशावर वाकले आणि सवयीनं तर्जनी पुढे आली.

"म्हणजे हे इथून..."

काकांनी त्यांचं मनगट वरच्या वर पकडलं.

"अहो व्याही, बोट नका लावू! परत जाड होईल!"

बाबांनी त्या हाताकडे पाहिलं, मग काकांकडे. अकरा वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. मग सावकाश गळ्यातला टेप काढला.

"पोराला संध्याकाळी दुकानात पाठवा," ते म्हणाले. "लग्नाच्या कोटाचं माप घ्यायचंय."