न मागितलेलं नाव

हेर्दिसला झोपेत जागं राहता यायचं. स्वप्न सुरू झालं की ती आधी आपला तळहात बघायची. बोटं सहा दिसली, नाहीतर अंगठा भलत्याच बाजूला दिसला, की समजायचं, हे स्वप्न आहे. मग घाई करायची नाही, घाई केली की जाग येते. सावकाश हात खाली घ्यायचा आणि चालू लागायचं. ती नेहमी एकाच ठिकाणी जायची, गावाबाहेर मासे वाळवायच्या मांडवांकडे. तिथे तिचा धाकटा भाऊ ब्रान्दुर उलट्या टोपलीवर बसून जाळं दुरुस्त करत असायचा. ब्रान्दुर समुद्रात बुडून तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती.

दोघांत फार बोलणं होत नसे. हवा कशी आहे, मेंढ्या डोंगरावरून उतरल्या का, एवढंच. ती त्याचे केस विस्कटायची, तो डोकं बाजूला घ्यायचा. बाकीच्यांना गेलेल्या माणसाची तसबीर पुरते. हेर्दिसला भाऊ रोज भेटत होता आणि त्या भेटीवरच ती जगत होती.

उत्तर आइसलँडमधल्या आमच्या खाडीकाठच्या गावात स्वप्नांना मान आहे. शिकलेसवरलेले वर वर हसतात, पण कॉफी ओतताना हळूच विचारतात, काल दात पडलेला दिसला, काय असेल गं? पांढऱ्या मेंढ्या दिसल्या तर बर्फ किंवा वादळ, उवा दिसल्या तर पैसा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अवघड स्वप्नं हेर्दिसकडे यायची. ती माशांच्या कारखान्यात कामाला होती. मधल्या सुट्टीत बायका आपापली स्वप्नं तिच्यासमोर मांडून बसायच्या. तिचं सांगणं सहसा चुकत नसे, आणि चुकलं तरी लोक विसरून जात.

ब्रान्दुरलाही स्वप्नांत थोडं पुढचं दिसायचं. ज्या सकाळी तो बुडाला त्या सकाळी धक्क्यावर त्याने एविन्दुरला सांगितलं की आज बोट काढू नये. एविन्दुर म्हणजे बोटीचा मालकही तोच आणि तांडेलही तोच. ब्रान्दुरला स्वप्नात मेंढ्यांचा पांढरा कळप पाण्यावरून बोटीकडे धावत येताना दिसला होता. हेर्दिस त्याचा विसरलेला डबा घेऊन आली होती, तिच्या कानांवर सगळं पडलं. एविन्दुर सगळ्यांदेखत हसला.

“मेंढ्यांची भीती वाटत असेल तर घरी जा पोरा,” तो म्हणाला, “आणि बहिणीशेजारी बसून लोकर कात.”

सगळे हसले. ब्रान्दुरचे कान लाल झाले आणि तो बोटीत चढला. दुपारी बोट परत आली ती त्याच्याशिवाय. देहसुद्धा हाती लागला नाही.

चौकशीत एविन्दुरने सांगितलं की हवा अचानक फिरली. मेंढ्यांची गोष्ट कुणी काढली नाही. हसलेले सगळेच मूग गिळून बसले. एविन्दुर हेर्दिसच्या दारात कधी आला नाही. रस्त्यात ती दिसली की तो पलीकडच्या बाजूने जायचा. तिला त्याच्याकडून काही मोठं नको होतं. ‘चुकलो’ एवढा एक शब्द हवा होता. तो आला नाही, तेव्हा तिने वाट पाहणं सोडलं आणि डूख धरला.

आमच्याकडे बातम्या कळतात त्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात. बाहेर बर्फ पडत असो की ऊन असो, संध्याकाळी निम्मं गाव तिथे गळाभर पाण्यात बसलेलं असतं. त्या वसंतात कुंडात एकच विषय होता. एविन्दुरची एकुलती एक लेक दाग्नी पोटुशी होती, आणि मुलगा आहे हे दवाखान्यात कळलं होतं. दाग्नीचा नवरा लांबच्या ट्रॉलरवर असायचा, म्हणून ती बापाकडेच राहत होती. एविन्दुर तर नुसता फुगला होता.

“दुसरा एविन्दुर येतोय,” तो म्हणाला. “बंदराला सांगून ठेवा.”

“बाबा, बारशाआधी नाव सांगत नाहीत,” दाग्नी म्हणाली.

“मी कुठे सांगितलं? बंदराला सांगा म्हटलं फक्त.”

सगळे हसले. कुंडाच्या पलीकडच्या कडेला बसलेल्या हेर्दिसच्या ते हसणं ओळखीचं होतं. धक्क्यावर ऐकलेलं तेच हे हसणं, आणि तिला तिथल्या तिथे सुचलं.

गेलेलं माणूस नाव मागायला येतं, ही आमच्याकडची जुनी गोष्ट. घरात मूल व्हायचं असलं की ते गरोदर बाईच्या किंवा तिच्या ओळखीच्या कुणाच्या स्वप्नात येतं, आणि आपलं नाव त्या मुलाला मिळावं म्हणून सुचवून जातं. मागितलेलं नाव नाकारलं तर मुलाचं भलं होत नाही. देवाला न मानणारेही हे मागणं नाकारत नाहीत. कशाला विषाची परीक्षा घ्या? आणि नाव दिलं की ते माणूस शांत होतं, पुन्हा कुणाच्या स्वप्नात येत नाही.

हे शेवटचं वाक्य हेर्दिसला ठाऊक नव्हतं असं नाही. लहानपणापासून ती तेच ऐकत आली होती. पण ते खऱ्या मागण्याला लागू, असा तिने मनाशी हिशेब केला. ब्रान्दुरने काही मागितलंच नाही, तर तो जाईल कशाला?

“दाग्नी, सांगू की नको असं झालं होतं,” ती म्हणाली. “ब्रान्दुर आला होता. तुमच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, आत मला जागा आहे का, विचार.”

दाग्नीने पोटावर हात ठेवला. हेर्दिसची नजर एविन्दुरवर होती. तो खेकसेल, स्वप्नांची टिंगल करील, आणि मग साऱ्या गावासमोर तिला धक्क्यावरची सकाळ बाहेर काढता येईल, असा तिचा अंदाज होता. पण एविन्दुरने भलतंच विचारलं.

“ओला होता?”

तिच्या स्वप्नातला ब्रान्दुर कधीच ओला नसायचा. ऊन खात बसल्यासारखा कोरडा असायचा. पण खोटं बोलायचंच तर हात आखडता कशाला घ्या?

“नखशिखान्त,” ती म्हणाली. “टोपीतून पाणी गळत होतं.”

एविन्दुरचा चेहरा पांढराफटक पडला. तो कुंडाबाहेर निघाला आणि टॉवेल न घेताच आत गेला. हेर्दिस मानेपर्यंत पाण्यात सरकली. तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

बारसं एविन्दुरच्या बैठकीच्या खोलीतच झालं. पाद्री आला, काचेच्या वाडग्यात पाणी ओतलं गेलं, बाळाला पायांखाली लोंबणारा पांढरा झगा घातला. बाळाला आजोबाने धरावं आणि नावही त्यानेच घ्यावं, म्हणजे ब्रान्दुरला बरं वाटेल, असं हेर्दिसने दाग्नीला आधीच सुचवून ठेवलं होतं. पाद्र्याने नाव विचारलं. एविन्दुर काहीतरी पुटपुटला. पाद्र्याने पुन्हा विचारलं.

“ब्रान्दुर,” एविन्दुर म्हणाला, आणि या वेळी ते सगळ्यांना ऐकू गेलं.

हेर्दिस भिंतीला टेकून उभी होती. आता जन्मभर, ती मनात म्हणत होती. ब्रान्दुर, जेवायला ये. ब्रान्दुर, पाण्याजवळ जाऊ नकोस. एकेक हाक मारताना तुझा घसा सुकेल, म्हाताऱ्या. नंतर तिने ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा लावलेले पातळ पॅनकेक खाल्ले, एकावर एक. इतकं गोड तिला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं.

घरी येऊन ती आडवी झाली. ही बातमी तिला ब्रान्दुरला सांगायची होती. स्वप्न सुरू झालं, तिने तळहात पाहिला, बोटं सहा होती. ती मांडवांकडे गेली. टोपली होती. अर्धं दुरुस्त केलेलं जाळं जमिनीवर पडलं होतं. ब्रान्दुर नव्हता. तिने हाक मारली आणि हाकेसरशी तिला जाग आली.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती डाव्या कुशीवर झोपून बघायची, उजव्या कुशीवर झोपून बघायची, त्याची जुनी टोपी उशाला घेऊन बघायची. स्वप्नात तिला हवं ते करता येत होतं. खाडीवरून उडता येत होतं, हिवाळ्यात ऊन पाडता येत होतं. टोपलीवर भाऊ मात्र बसवता येत नव्हता. उन्हाळा असाच गेला. कारखान्यात बायकांनी स्वप्नं विचारली की ती म्हणायची, मला काही कळत नाही, डॉक्टरला विचारा.

मेंढ्या डोंगरावरून उतरवायच्या दिवसांत एका सकाळी एविन्दुर तिच्या दारात आला. बाबागाडी त्याने भिंतीच्या आडोशाला उभी केली, आमच्याकडे बाळं उघड्या हवेतच झोपवतात; बाळ थंडीत आत गुरगुटून झोपलं होतं. हातात मोठा कॉड मासा होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि न विचारता बसला. हेर्दिस त्याच्याकडे बघतच राहिली. म्हातारा टवटवीत झाला होता. डोळ्यांखालच्या काळ्या पिशव्या गेल्या होत्या.

“तो रोज यायचा,” एविन्दुर म्हणाला. “त्या दिवसापासून. डोळा लागला की पलंगाच्या पायथ्याशी उभा. अंगावरून पाणी गळतंय. बोलायचा नाही, नुसता बघायचा. म्हणून तर तू कुंडात बोललीस तेव्हा मी विचारलं, ओला होता का. बारशापासून यायचा थांबलाय, हेर्दिस. मी झोपतो. या पोरासारखा झोपतो. तू सांगितलं नसतंस तर हे झालं नसतं.”

हेर्दिसने मासा टेबलाच्या कडेला सरकवला.

“तुझ्या दारात तेव्हाच यायला हवं होतं,” तो म्हणाला. “मेंढ्यांवरून हसलो. चुकलो मी.”

ज्या शब्दासाठी तिने इतकी वर्षं कान लावले होते तो शब्द असा आला, माशाबरोबर, भेट म्हणून. तो तिला आता कवडीमोल वाटला. आपण आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला कळून चुकलं. वैऱ्याला झोप दिली आणि भाऊ घालवला. आणि हा समोर बसून आभार मानत होता. तिला हुंदका यायला हवा होता, पण संतापच आला.

“एविन्दुर,” ती म्हणाली, “ब्रान्दुर आला नव्हता. त्याने नाव मागितलंच नाही. पायरी, टोपी, पाणी, सगळं मी रचलं.”

“का?”

“ते नाव रोज तुझ्या तोंडी यावं म्हणून. आणि घेताना तुझा जीव कंठाशी यावा म्हणून.”

एविन्दुरने खिडकीतून बाबागाडीकडे पाहिलं.

“मग तो गेला कुठे?” त्याने विचारलं.

“मला काय विचारतोस? हिंडत असेल दारं शोधत.” तिने दार उघडून धरलं. “जा आता. जा आणि झोप.”

तो गेला. मासा तिने समुद्रपक्ष्यांना टाकला.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. कुंडात दाग्नी रडवेली होऊन सांगत होती की बाबांचं पुन्हा सुरू झालं. झोपायला घाबरतात, खुर्चीत बसून राहतात, डुलकी लागली की दचकून उठतात. म्हणतात, पलंगाशी उभा असतो.

“कोण उभा असतो?” कुणीतरी विचारलं.

“नाव घेत नाहीत,” दाग्नी म्हणाली. “आता बाळाचंही घेत नाहीत.”

बायका चुकचुकल्या. हेर्दिसने डोळे मिटून घेतले. तिचा सूड पुरा झाला होता. तिला हवं होतं त्याहून जास्तच झालं होतं. पण तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ब्रान्दुर परत आलाय. ती उठली, केस न वाळवताच घरी पळाली आणि आडवी झाली. तळहात पाहिला. मांडवांकडे गेली. टोपली रिकामीच होती.

सकाळी तिने एविन्दुरचं दार वाजवलं. त्याने उघडलं. काळ्या पिशव्या परत आल्या होत्या. त्याने तिला आत बोलावलं नाही आणि तीही आत जायला निघाली नाही.

“आला होता?” तिने विचारलं.

“आला होता.”

“अंगात काय होतं?”

“निळा स्वेटर. कोपरावर ठिगळ लावलेला.”

ठिगळ तिनेच लावलं होतं. पण ब्रान्दुर बुडाला त्या दिवशी तो स्वेटर बोटीवरच्या सगळ्यांनी पाहिला होता.

“काही बोलला?”

ब्रान्दुर बोलत नाही, नुसता बघतो, असं एविन्दुरनेच तिच्या टेबलाशी बसून सांगितलं होतं. दोघांनाही ते आठवत होतं.

“बोलला,” तो म्हणाला. “तुझ्याबद्दलच बोलला.”

“काय बोलला?”

“उद्या ये,” एविन्दुर म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं.

खरं बोलला की रचून बोलला, हे विचारायला तिला तोंड नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस लागला होता. दाग्नीने दूध आणायला दार उघडलं, तेव्हा हेर्दिस पायरीवर बसलेली होती. तिच्या टोपीतून पाणी गळत होतं. आत येऊ का, असं ती विचारत होती.