मास्तरांच्या हातातली वही

बायको गेली त्याला चार दिवस झाले होते. जायचं होतं ते सगळं गेलं, असं मास्तरांना वाटत होतं. पाचव्या दिवशी ते तिची पिशवी आणायला हॉस्पिटलात गेले, तेव्हा कळलं की आणखीही काहीतरी गेलं होतं.

पिशवीत चष्मा, कंगवा आणि करड्या रंगाचा स्वेटर होता. वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी एकेक वस्तू दाखवून सही घेतली. मग पेनाचं टोपण लावता लावता त्या म्हणाल्या, "मास्तर, एक सांगू का? सांगावं की नाही, कळत नाही."

"सांगा की."

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या होत्या, 'सिस्टर, मला या ऑपरेशनबद्दल काहीतरी विचारायचंय. हे जरा बाहेर गेले की बोलते.'"

"मग?"

"तुम्ही बाहेर गेलातच नाही. गेलात तरी पाण्याची बाटली भरून दोन मिनिटांत परत. आणि माझ्यामागे बारा पेशंट."

मास्तर नऊ दिवस त्या खुर्चीतून हलले नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते छाती पुढे काढून तसं सांगतही होते. आता त्यांनी तिच्या पलंगाशेजारच्या त्या खुर्चीकडे बघितलं. तिच्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी टॉवेल वाळत होता.

"मला हाकललं का नाही तुम्ही?"

"तुम्हाला कोण हाकलणार? मी वहिनींना विचारलं, 'दुखतंय का?' तर तुम्ही म्हणालात, 'नाही.'"

हे खोटं नव्हतं. तिच्या वाटचं सगळं तेच बोलले होते. भूक आहे का, झोप लागली का, ऑपरेशन करायचं का. डॉक्टरांनी विचारलं तिच्याकडे बघून, आणि "करा" म्हणाले मास्तर. तिने मान हलवली होती. होकाराची की नुसतीच, ते त्यांनी बघितलं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. सत्तावीस वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून त्यांनी अर्ध्या गावाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक समजावला होता. त्यांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. गाडी सुरू झाली की ते मांडीवर वही घ्यायचे, हातात पेन्सिल धरायचे आणि चुका टिपत बसायचे. शिकणाऱ्यांना वाटायचं, काय कडक माणूस आहे! बायकोला वाटायचं, काय हा कागदाचा नास! खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी मोठ्या सिस्टर थेट त्यांच्या ऑफिसात आल्या.

"मास्तर, मला एक नवरा हवाय."

मास्तरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"वर्गासाठी हो!" सिस्टर हसल्या. "नर्सेसचं नवीन ट्रेनिंग माझ्या गळ्यात पडलंय. पेशंटला स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला मदत कशी करायची, ते शिकवायचंय. पुस्तकातून मुलींना सगळं येतं. पण पलंगाशेजारी बोलका नातेवाईक बसला की त्यांची दातखीळ बसते. मला सरावाला असा नवरा हवाय, जो बायकोला एक शब्द बोलू देणार नाही."

"आणि तुम्हाला मी आठवलो."

"राग आला?"

"नाही," मास्तर म्हणाले. "बरोबर पत्त्यावर आलात."

सराव असा चालायचा. वर्गात एक पलंग. पलंगावर वॉर्डातल्या साफसफाईच्या मावशी चादर ओढून पेशंट व्हायच्या. सुरुवातीला मोठ्या सिस्टर त्यांच्या मुठीत एक चिठ्ठी द्यायच्या. पेशंटच्या मनात खरं काय आहे ते चिठ्ठीत, आणि ते फक्त मावशींना ठाऊक. शेजारी खुर्चीत मास्तर. नर्सने पंधरा मिनिटांत चिठ्ठीतलं पेशंटच्या तोंडून बाहेर काढायचं. मास्तरांना खोलीबाहेर घालवायचं नाही, कारण खऱ्या वॉर्डात नातेवाईक बाहेर जात नाही.

पहिल्या आठवड्यात सात जणी हरल्या. एकीने गोड बोलून बघितलं, मास्तर तिच्यापेक्षा गोड बोलले. एक म्हणाली, "काका, तुम्ही जरा गप्प बसा," तर मास्तरांनी असा काही आवाज चढवला की शेजारच्या खोलीतून माणसं धावत आली. एकीने मावशींना थेट विचारलं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" मावशी तोंड उघडणार तोच मास्तर म्हणाले, "तिला काय वाटायचंय? मला वाटतं तेच." मावशी भूमिका विसरून ताडकन उठून बसल्या. "घरी असता ना, तर लाटणं घेतलं असतं!"

वर्ग हसून हसून लोळला. मास्तरही हसले. घरी गेल्यावर मात्र ते बराच वेळ चपला पायात ठेवून तसेच बसून राहिले.

त्यांचं त्यांनाच एक कळेनासं झालं होतं. समजा, कुणालाच जमलं नाही. मग असं ठरतं की त्या दिवशीही कुणाचा इलाज चालला नसता, आणि त्यांची सुटका होती. पण एखादीला जमलं, तर? तर बायकोचं बोलणं ऐकून घेता आलं असतं, हे पक्कं होतं. आपल्याला कोणतं हवंय, हे स्वतःला विचारायला ते घाबरत होते. एवढं मात्र त्यांनी ठरवलं होतं की लबाडी करायची नाही. मुद्दाम हरायचं नाही. जसे होतो, तसंच बसायचं.

पाच आठवड्यांत एकवीस जणी हरल्या. हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांनी निरोप धाडला की पुढच्या सोमवारी मी स्वतः येऊन बघतो. काही जमत असेल तर ठीक, नाहीतर हे तास बंद करून मुलींना वॉर्डात पाठवा, तिथे माणसं कमी पडताहेत.

सोमवारी पाळी यायची एकच नर्स उरली होती. तिचं नाव वर्गात कुणी घेत नसे, सगळ्या तिला ब्रेकवाली म्हणत. दोन वर्षांपूर्वी ती मास्तरांकडेच गाडी शिकली होती आणि रस्त्यात कुत्रं दिसो की कागद, ब्रेक दाबत होती. तिला बघून मोठ्या सिस्टरांनी हात टेकले.

मोठे डॉक्टर मागच्या बाकावर घड्याळ काढून बसले. मावशी चादरीत शिरल्या. मास्तर खुर्चीत बसले.

"नमस्कार काका," ब्रेकवाली म्हणाली. "डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. थांबून औषधं घ्यायचाही मार्ग आहे, दोन्हींचं बरंवाईट मी सांगणार आहे. तुमचं काय म्हणणं?"

मास्तर चपापले. याआधी एकीनेही त्यांचं म्हणणं विचारलं नव्हतं. त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. ऑपरेशनच करायचं, उशीर नको, ही घाबरट आहे, हिच्याकडे लक्ष देऊ नका. ब्रेकवालीने सगळं ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग ते लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं.

"हे तुमचं झालं. बरोबर आहे ना?"

"बरोबर."

"आता मला तुमची मदत लागेल." तिने पिशवीतून एक वही काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि हातात पेन्सिल दिली. "आता या बोलतील. तुम्ही लिहायचं. त्यांचा शब्द न् शब्द, तुमचा एकही नको. नंतर त्यांना वाचून दाखवायचं. एखादा शब्द जरी राहिला, तरी डॉक्टरांपर्यंत चुकीचं जाईल."

मास्तरांच्या बोटांनी पेन्सिल सवयीने धरली. शिकणाऱ्याची गाडी जरा वाकडी गेली की शेजारच्याचे हात आपोआप स्टिअरिंगकडे धावतात. ते धावले की शिकणारा आपले हात सोडतो आणि जन्मात गाडी शिकत नाही. म्हणून त्यांनी पहिल्याच वर्षी आपल्या हातांना काम लावून दिलं होतं. त्यांची ती वही त्यासाठी होती. या पोरीने ब्रेक दाबता दाबता ते बघून ठेवलं होतं.

"ऑपरेशनला माझी ना नाही," मावशी हळूच म्हणाल्या.

मास्तरांचं तोंड उघडलं. पण लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं.

"पण आधी मला चार दिवस घरी जायचंय."

"कशाला?" हा शब्द मास्तरांच्या जिभेच्या टोकावर आला आणि तिथेच राहिला, कारण पेन्सिल अजून 'घरी'वर होती.

"घरी काय करायचंय?" ब्रेकवालीने विचारलं आणि पुढे काही न बोलता वाट बघत राहिली.

"माझं कपाट आवरायचंय. माझ्यामागे माझ्या वस्तू कुणी उचकलेल्या मला नाही चालणार. ते झालं की मग खुशाल कापा."

मास्तरांनी लिहिलं. मग चष्मा सावरून शब्द न् शब्द वाचून दाखवलं. शेवटची ओळ त्यांनी खाली बोट धरून वाचली. मावशींनी मूठ उघडली. चिठ्ठीत तेच होतं.

 मग एकवीसच्या एकवीस जणींनी बाकं बडवायला सुरुवात केली. मावशी पलंगावरून उतरून ब्रेकवालीला मिठी मारायला धावल्या, चादर पायात अडकली आणि दोघी मिळून मोठ्या डॉक्टरांच्या अंगावर गेल्या.

"किती मिनिटं झाली, डॉक्टर?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"नऊ," डॉक्टर चष्मा शोधत म्हणाले. "तास चालू ठेवा. आणि वह्या मागवा, प्रत्येक पलंगाला एक."

"हरलात, मास्तर!" मावशी ओरडल्या.

"हरलो," मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते हसत होते, सत्तावीस वर्षांत एखादा शिकाऊ पहिल्यांदा एकटा चौक ओलांडून गेला की हसायचे तसे. "चारी मुंड्या चीत."

आता त्या हॉस्पिटलात प्रत्येक पलंगाच्या कडेला वही लटकते. परवा एका म्हातारीचा मुलगा खाली मान घालून लिहीत होता आणि म्हातारी बोलत होती. मास्तर दारातून ते बघत उभे होते. म्हातारी इतकं बोलली की मुलाने दुसरं पान उलटलं. ब्रेकवाली आता नव्या मुलींना शिकवते आणि मास्तर दर सोमवारी तिच्या वर्गात नवरा होऊन बसतात. हल्ली ते बऱ्याचदा हरतात. हरले की ब्रेकवालीला म्हणतात, "गाडी अजून वाईटच चालवतेस हं तू."

बायकोची पिशवी आणल्या दिवसापासून खुंटीला आहे. तिला काय विचारायचं होतं, ते मास्तरांना कळलेलं नाही. तिचं कपाट आवरायचं राहिलं आहे; ते त्यांनी उघडलेलंच नाही.