खाकरून येणारा साहेब

त्या वर्षी शेकडो राजेमहाराजे एकेका सहीनिशी विलीन होत होते. वर्तमानपत्रात रोज एखादं संस्थान खालसा. इकडे आमच्या इतवाऱ्यातल्या घरात माझ्या मामंजींचा एक 'हो' मिळवायला मला सहा महिने लागले.

आमचे मामंजी, सुपडू पाटील, मूळचे तुकईथडचे. कपाशीची शेती तिकडे आणि घर इकडे बुऱ्हाणपुरात. माणूस सहा फुटी, मिशी जाड, आणि बोलणं इतकं कमी की शेजारचे म्हणायचे, पाटील शब्दसुद्धा तराजूत घालून देतात. माझ्याशी तर लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी एक अक्षर बोललेले नव्हते. सुनेशी थेट बोलायचं नाही, ही रीतच. मग निरोप सासूबाईंमार्फत, आणि सासूबाई नसल्या तर म्हशीमार्फत. मी चुलीपाशी, ते गोठ्याच्या दारात, आणि म्हशीला सांगायचे, "दूध उतू जाऊन राहिलं म्हणा." म्हैस रवंथ करायची, मी दूध उतरवायची.

तर झालं असं, की गावात मुलींची नवी शाळा निघाली आणि मॅट्रिकच्या वर्गाला इंग्रजी शिकवायला माणूस हवा होता. मी लग्नाआधी इंटर झाले होते. माझ्या नवऱ्याची, सुधाकररावांची, काही हरकत नव्हती, पण वडिलांपुढे ब्र काढायची त्यांची छाती नव्हती. शेवटी सासूबाईंनी, भागाबाईंनी, मनावर घेतलं. एका दुपारी त्यांनी निकाल आणला.

"जाय म्हणून राहिले. एक बार जाय. नोकरी लागली तर लागली. नाही लागली तर पुस्तकं माळ्यावर, अन् या घरात पुन्हा त्याची बात नाही."

"आत्याबाई, रागावून म्हणाले का हो?"

"मले काय मालूम, माय! त्यांचा राग अन् त्यांची खुशी, दोन्ही एकाच मिशीखाली."

म्हणजे एकच संधी. मी देवाला नारळ बोलले.

शाळेच्या समितीनं दोन उमेदवार बोलावले होते. एक मी आणि दुसरे बाहेरगावचे एक बी.ए. झालेले गृहस्थ. दोघांनी एकाच वर्गाला एकच धडा शिकवायचा. समितीचे अध्यक्ष दिगंबरराव वकील मागच्या बाकावर बसून ऐकणार. वकीलसाहेबांना विलायती भयकथांचं भारी वेड. धडाही तसलाच होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका गॉथिक कादंबरीतलं एक प्रकरण. माळरानावर एकाकी हवेली, धुकं, बाहेर घुबड. तिथं मिस्टर हॅलम नावाचा काळ्या कोटातला गृहस्थ राहतो. मेलेल्या मित्राची पोरकी मुलगी, मिस क्लेअर, त्याच्या आसऱ्याला येते. तो तिच्याबरोबर जेवत नाही, हसत नाही, चार शब्द बोलत नाही. रोज संध्याकाळी तिच्या दारापाशी पावलं थांबतात, काठी जमिनीवर आपटते, मग शांतता, आणि मग दार उघडतं. आमच्या पाठ्यपुस्तकात प्रकरण तिथंच संपलं होतं. पुढची कादंबरी गावात कुणीच पाहिली नव्हती.

बी.ए. गृहस्थ आधी शिकवून गेले. मी व्हरांड्यात उभी राहून ऐकलं. आवाज खणखणीत, इंग्रजी फाडफाड. "हा माणूस थंड रक्ताचा आहे," ते म्हणाले. "काठीचा आवाज म्हणजे मृत्यूची चाहूल. हॅलम हा खुनी आहे." वकीलसाहेबांनी चक्क टाळी वाजवली. मी तर आदल्या आठवड्यात तोच धडा चार वेळा वाचला होता आणि मला तो माणूस खुनी वाटतच नव्हता. का वाटत नव्हता, ते मात्र सांगता येत नव्हतं.

मी वर्गात गेले. निम्म्या मुली पातळात, दोघीतिघींच्या गळ्यात मंगळसूत्र. पहिल्याच ओळीत हॅलमला 'रिझर्व्ड' म्हटलं होतं. मी अर्थ विचारला. मालती नावाची एक चुणचुणीत मुलगी उठली.

"बाई, आगगाडीच्या डब्यावर पाटी राहते ना, रिझर्व्ह! म्हणजे त्यात कोणी बसायचं नाही."

वर्ग खो खो हसला. वकीलसाहेबही हसले. मलाही हसू आलं, पण तेवढ्यात डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

"बस. चुकलीस, पण फार चुकली नाहीस," मी म्हटलं. "इथं अर्थ अबोल. पण तो डबा रिकामा असतो का गं?"

"नाही बाई. कोणासाठी तरी राखून ठेवलेला राहतो."

"मग हॅलममध्ये काय राखून ठेवलंय, ते शोधू. त्यानं काय केलं एवढंच बघायचं. घुबडाचं ऐकायचं नाही."

मुली एकेक ओळ वाचू लागल्या. त्यानं स्वतःच्या खोलीतला मोठा दिवा तिच्या खोलीत ठेवला. ती पत्र लिहीत होती, ते पुरं होईपर्यंत तो गारठ्यात बाहेर उभा राहिला. आणि ती काठी. मी विचारलं, "खुनी माणूस काठी वाजवून येतो का?"

"माफ करा," मागून वकीलसाहेब उठले. कोर्टातलाच आवाज. "हे तुमचं मन चांगलं म्हणून तुम्हाला वाटतं. दहशत घालायलाच तो काठी आपटतो. नाहीतर सरळ बोलला नसता? पुरावा काय तुमच्यापाशी?"

पुरावा माझ्यापाशी नव्हता. मी पुस्तकाची पानं पुन्हा चाळली. मुली माझ्या तोंडाकडे बघत होत्या. डोळ्यांपुढे पुस्तकं माळ्यावर चढताना दिसली.

आणि बाहेर व्हरांड्यात कुणीतरी खाकरलं.

जाड, भरदार खाकरणं. घरात रोज ऐकत होते, झोपेतसुद्धा ओळखलं असतं मी ते. माझा हात आपोआप वर गेला आणि पदर डोक्यावर आला. समोर पाहते तर पातळातल्या साऱ्या मुलींनी पदर सावरला होता, पाय आवरून घेतले होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. दार मात्र उघडलं नाही. बाहेरचा माणूस थांबला होता.

मला हर्षानं नाचावंसं वाटलं. एवढं डोळ्यांसमोर होतं आणि मी पुस्तकात शोधत बसले होते!

"मालती, आत्ता काय झालं?"

"बाहेर कोणी मोठं माणूस आलं, बाई."

"दिसलं तुला?"

"नाही. खाकरलं ना."

"भीती वाटली?"

"भीती कशाची? बायामाणसं आहेत म्हणून सांगून येऊन राहिलं ते. न खाकरता येईल त्याची भीती."

मी वकीलसाहेबांकडे वळले. "साहेब, हा माझा पुरावा. हॅलमची काठी म्हणजे त्याचं खाकरणं आहे. काठी वाजते, मग शांतता, मग दार. ती शांतता भुताची नाही, तिला सावरून बसायला दिलेला वेळ आहे. आणि बोलत नाही म्हणाल, तर आमच्या घरी एक गृहस्थ आहेत. दोन वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पण मी चुलीच्या उजेडात वाचते हे त्यांना दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी बैठकीतला मोठा कंदील स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात आला. कुणी आणला, ते कुणी बोललं नाही."

हे बोलता बोलताच माझं मलाच उमगलं. दोन वर्षं मी त्या कंदिलाची काच पुसत होते आणि मामंजींना माझं वाचणं खुपतं असं समजत होते. काय म्हणावं माझ्या अकलेला!

वकीलसाहेबांनी पुस्तक उघडलं, ती ओळ पुन्हा वाचली आणि हसले. "काठी, शांतता, दार. इतकी वर्षं भयकथा वाचतोय, आणि त्या शांततेला मी उगीच घाबरत आलो! खटला हरलो, बाई. सोमवारपासून रुजू व्हा."

वर्गात टाळ्यांचा पाऊस पडला. मालती तर बाकावर उभी राहिली.

बाहेर आले तर मामंजी खांबाजवळ पाठमोरे उभे होते. मला न्यायला आले होते. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण दाराला फटी चिक्कार होत्या. फाटकाशी टांगा होता. ते पुढे झाले, मी चार पावलं मागून. टांग्यापाशी ते थांबले आणि सवयीनं घोड्याकडे बघून बोलायला लागले, "सोमवारी म्हणा..."

घोड्यानं कान हलवला. मामंजी थबकले. मग त्यांनी घसा खाकरला, जरा थांबले, आणि माझ्याकडे वळले. आमच्यात सुनेला कुणी 'बाई' म्हणत नाही. तसं शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात.

"बाई, सोमवारी टांगा किती वाजता सांगू?"

"साडेदहाला, मामंजी," मी म्हटलं.