उंबऱ्याबाहेर

“उंबऱ्यावरच उभा ठेवा म्हणे त्याला! आत पाऊल टाकू द्यायचं नाही,” मॉस्कोची सांकेतिक तार उलगडून ग्लाफिरा पेत्रोव्हनाने चष्मा काढला.

तुमार्किनने कपाळावर हात मारला. बर्लिनच्या पोलिसांनी सोव्हिएत व्यापारी कचेरीत घुसून कपाटं फोडली, तेव्हापासून दोन्ही देशांचा व्यापार ठप्प होता, बोलणी बंद होती. इथल्या सोव्हिएत वकिलातीत ते निस्तरायला तुमार्किनच एक सापडला होता. हातापाया पडून त्याने जर्मन परराष्ट्र खात्याच्या फॉन रेटबर्गला तयार केलं होतं. तो स्वतः येऊन दिलगिरी व्यक्त करणार होता. आणि आता, तो घरून निघाल्यावर, मॉस्कोला ही अवदसा आठवली!

“तो चिडून परत गेला, की संपलंच सगळं. तिथे बसून हुकूम सोडायला यांचं काय जातं?”

“माझ्यावर कशाला डाफरता, लेव गाव्रिलोविच? जा, घंटा वाजतेय.”

दारात रेटबर्ग भिजत उभा होता. ‘आत या’ म्हणायची सोय नव्हती. तुमार्किन नुसताच आडवा उभा राहिला. रेटबर्गने उंबऱ्यावरून हात पुढे केला, आणि तुमार्किनचा हात आपोआप मागे गेला. आईची लहानपणापासूनची शिकवण, दुसरं काय! रेटबर्गचा चेहरा लाल झाला. तो पाठ फिरवून पायऱ्या उतरू लागला.

“अहो, थांबा!” तुमार्किन उघड्या डोक्याने पावसात धावला आणि त्याने रेटबर्गचा हात घट्ट धरला. “आमच्याकडे उंबऱ्यावरून हात मिळवत नाहीत. भांडण होतं.”

“ते तर झालंच आहे की!” रेटबर्गला हसू फुटलं. मग तिथेच, पावसात, त्याने आपल्या सरकारच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली.

व्यापार पुन्हा सुरू झाला. मॉस्कोची तारही आली. ‘अपराध्याच्या स्वागताला रस्त्यावर गेलात. पद सोडून तडक परत या.’

“आत घेतलं नाही ना मी त्याला? मग आणखी काय करायला हवं होतं?” तुमार्किनचा आवाज चिरकला.

निघायच्या सकाळी निरोपाला कुणी खाली आलं नाही. उगाच कशाला त्याच्यासोबत दिसा! वरच्या खिडक्यांचे पडदे मात्र हलत होते. तो बॅग घेऊन पायऱ्या उतरला, तोच मागे ग्लाफिरा पेत्रोव्हना दारात दिसली. तिचे पाय सुजलेले होते.

“आत जा. बघताहेत सगळे,” तो म्हणाला.

“बघू देत मेल्यांना.”

चौकटीला धरून तिने एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. आणि मग हात पुढे केला.