तीन मिशांची मुंगी

घणसोली गावातल्या समाजमंदिरात अख्खी आळी कोंबली होती आणि समोर टांगली होती मुंगी. दरवाज्याएवढ्या फ्लेक्सवर, मिशीपासून बुडापर्यंत केस न् केस स्पष्ट. लोक हात जोडून उभे. मुंगीला!

"जवळून फोटो काढून बघा, माऊली," दृष्टीबाबा घसा ताणून सांगत होते. "मिशी दिसली तर पाय धूसर. यंत्राचा डोळा एका वेळी एकच जागा बघतो. मी ध्यान लावलं आणि कॅमेऱ्यात मागचं-पुढचं सगळं एकदम उतरलं! अशा दृष्टीपुढे काचबिंदू काय चीज आहे?"

लोकांनी घरी मोबाइलवर करून पाहिलं होतं. खरंच धूसर येत होतं. झालं, बाबा खरा!

माझी आत्या दमयंती पहिल्या रांगेत. जन्मभर मासळी विकली. बाबाच्या सांगण्यावरून तिने तीन महिन्यांपूर्वी काचबिंदूचे थेंब बंद केले होते. रोज या मुंगीकडे एकटक बघायचं, हा म्हणे उपचार.

"बाबा, मुंगीला तीन मिशा कशा?" मी मोठ्याने विचारलं.

"तिसरा डोळा, तशी तिसरी मिशी. श्रद्धा ठेव, बेटी."

माझं टाळकंच सटकलं. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात मी बारीक स्क्रूंचे फोटो काढते, हेच माझं रोजचं काम. कॅमेरा, स्टँड, लॅपटॉप मुद्दाम घेऊन आले होते. आत्याच्या पायाशी ठेवलेल्या मासळीच्या पाटीतला एक बांगडा टेबलावर ठेवला. तोंडापासून शेपटीपर्यंत फोकस जरा जरा मागे सरकवत चाळीस फोटो काढले. प्रत्येकात एकच पट्टी स्पष्ट, बाकी धुकं. लॅपटॉपने चाळीसही पट्ट्या उचलून एक फोटो जोडला. बांगडा लखलखीत!

"करा आरती," मी म्हटलं.

मग पुन्हा फोटो काढले, पण डोळ्यावर फोकस असताना बांगड्याला बोटाने ढकललं. या वेळी जोडलेल्या फोटोत एकाच बाजूला दोन डोळे आले. "बाबा, तुम्हीही असेच फोटो जोडलेत. मुंगी जिवंत होती, तिने मधेच मिशी हलवली, ती जोडताना दोनदा चिकटली. एवढाच तुमचा तिसरा डोळा!"

"नास्तिकांपुढे शक्ती थांबते," बाबा पुटपुटले आणि चपला शोधायला लागले.

"पन मना जास्त दिसत व्हतं गो," आत्या रडवेली झाली.

दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती.

"परत येल ना?" आत्याने विचारलं.

"गेली ती गेली, मावशी. उरलीय ती थेंबांनी सांभाळायची."

घरी येताना मला राहवलं नाही. "आत्ये, माशाचा कल्ला उचलून आत लाल, ताजा आहे का ते बघितल्याशिवाय तू बंदरावर मासळी घेत नाहीस. हा बाबा कसा घेतलास?"

"देवाचा मानूस तो. त्याचा कल्ला कसा उचलाचा?"

इथेच सगळे फसतात. म्हणून सांगते, देवाचं नाव घेऊन जो येईल, त्याचा कल्ला आधी उचला. कसं केलंस ते विचारा, पुन्हा करून दाखव म्हणा. तो चिडला, तर माल नासका आहे.