मार लागला नव्हता

१९३४ सालची गोष्ट. मांडवी बंदरात मचव्यातून माल उतरवताना खलाशी गफूर आणि त्याचा मेहुणा अली यांची जुंपली. अलीने त्याला ढकललं. गफूर दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला आणि तिथेच आडवा झाला.

लगोलग त्याला सरकारी इस्पितळात आणलं. प्रत्येक रोग्याचा आजार छापील यादीप्रमाणे नोंदवायचं काम भिकाजीपंतांकडे होतं. पोलीस जमादाराने अलीला धरलंच होतं. ‘डोक्यास मार’ असं जमादाराने सांगितलं आणि पंतांनी टाक दौतीत बुडवला.

"थांबा पंत," डॉक्टर मुळ्ये म्हणाले. "डोक्यावर साधं टेंगूळही नाही. आणि ही उजवी पापणी का बरं उतरली असेल?"

त्यांनी गफूरच्या पाठीच्या कण्यात सुई घालून पाणी काढलं. ते नितळ असायला हवं. आलं ते लालसर.

"रक्त! म्हणजे मारच की," पंत म्हणाले.

डॉक्टरांनी नळी तशीच उभी ठेवली. रक्त तळाशी बसलं, तरी वरचं पाणी पिवळंच राहिलं. पंत डोळे बारीक करून बघत राहिले.

"रक्त जुनं होऊन हा पिवळेपणा यायला निदान काही तास लागतात," डॉक्टर म्हणाले, "आणि भांडण तर आत्ताचं."

पंतांना राहवेना. ते व्हरांड्यात गफूरच्या बायकोकडे, मरियमकडे गेले. "याआधी काही झालं होतं का गो?"

"परवा नमाज पढून उठले नि किंचाळले," ती म्हणाली. "ओकले. तेव्हापासून मान वाकत नव्हती. तरी ऐकलं नाय, कामाला गेले."

पंतांनी आत येऊन ते सांगितलं तशी डॉक्टरांनी मान डोलावली. "मेंदूखालची शीर एखाद्या ठिकाणी फुग्यासारखी फुगते. तो फुगा डोळ्याच्या नसेवर दाबला की पापणी उतरते. परवा ती झिरपली, आज फुटली."

"पण यादीत हे बसवू कुठे? एक रकाना इजेचा, दुसरा मेंदूच्या झटक्याचा."

"झटक्यात घाला. आणि शेजारी स्पष्ट लिहा: मेंदूभोवती रक्तस्राव, मार न लागता."

पंतांनी ते वळणदार अक्षरात लिहिलं. जमादाराने वाचून अलीला सोडलं. अली मात्र हलेना. "मी ढकललं नसतं तर?"

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण शीर आधीच झिरपली होती."

अलीने इस्पितळ सोडलं नाही. आठवडाभराने गफूर शुद्धीवर आला आणि पुढे काठीच्या आधाराने घरी निघाला. पापणी अर्धी मिटलेलीच राहिली. पंतांनी त्याला दारातच गाठलं.

"शीर फुटली तेव्हा डोक्यात नेमकं काय वाटलं रे?"

गफूर विचारात पडला. "कोणी उकळतं पाणी ओतलं मानेपर्यंत, असं."

पंत तिथेच उभे राहून आपली मान चाचपू लागले.